कळंब–प्राग, मार्गे पॅरिस फाटा

स्वित्झर्लंड हा देश भुईमुगाच्या शेंगांचा आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कळंबात, माझ्या घरमालकांच्या गच्चीवर. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. काकूंनी शेंगा वाळत घातल्या होत्या आणि घरमालकांनी त्या शेंगांच्या चहूबाजूंनी खडूनं अख्खा युरोप काढला होता. पॅरिस पाण्याच्या टाकीपाशी, व्हिएन्ना जिन्याच्या तोंडाशी, प्राग डिश अँटेनाच्या खांबाला टेकून. मधे शेंगांचे तीन ढीग, ते आल्प्स. दिवस कलला तशा काकू झाडू घेऊन वर आल्या आणि "सरका" म्हणून त्यांनी स्वित्झर्लंड पोत्यात भरायला घेतला.

"अगं, त्यातनं गाडी जायचीय!" घरमालक कळवळले.

"उद्या न्या. आज दव पडंल," काकू म्हणाल्या.

हा सगळा खटाटोप माझ्या हनिमूनसाठी चालला होता. हनिमून माझा, बायको माझी, रजा माझी. वेळापत्रक मात्र त्यांचं.

घरमालक म्हणजे कळंबच्या बसस्टँडवरून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. अख्खं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. काकूही कंट्रोलरच म्हणायच्या, आणि मला दाट संशय आहे की त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेतही तेच छापलेलं असणार. तीस-बत्तीस वर्षं ह्या माणसानं काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारल्या. आवाज असा, की त्यांच्या नाकातून निघायचा आणि थेट ऐकणाऱ्याच्या पायात शिरायचा. त्यांनी "लातूर, लातूर, लातूर" पुकारलं की बार्शीला निघालेला माणूसही लातूरच्या गाडीत जाऊन बसायचा आणि मुरूड मागं पडल्यावर त्याला आपलं गाव आठवायचं. एकदा एक शेळी चढली. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा. ती लातूरलाच राहिली.

मी कळंबच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. पण भाडेकरू हा शब्द त्यांना मान्य नव्हता. "माणूस येतो, थांबतो, जातो. मग तो प्रवासी न्हाय तर कोण?" म्हणून मी प्रवासी. सकाळी जिन्याखालून आवाज यायचा: "वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाणी सहा वाजून दहा मिनिटांनी नळ क्रमांक दोनला लागलेले आहे." शेजारच्या चार घरांतल्या बाया ह्या घोषणेवर घागरी घेऊन निघायच्या. नळ क्रमांक एक कुठं होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वेळ सांगणं हा त्यांचा आजार होता. कुणी विचारायची गरज नसायची. बाजारात वांगी निवडता निवडता "दहा बावन्न" म्हणायचे आणि वांगी विकणारी बाई घाबरून दोन वांगी जास्त टाकायची. एका मयतीत, भडाग्नी दिल्यावर सगळे मान खाली घालून उभे असताना, ते हळूच "चार सतरा" म्हणाले. मृताच्या थोरल्या मुलानं डोळे पुसता पुसता घड्याळ दोन मिनिटं पुढं केलं. मी शेजारीच उभा होतो. मीही केलं.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कधी कुठं गेला नाही. "गाडी सोडणारानं गाडीत बसायचं नसतं. बसला तर सोडणार कोण?" लग्नानंतर काकूंना घेऊन ते एकदाच तुळजापूरला गेले, तेही गेलेल्याच गाडीनं परत आले, कारण ती रिकामी येत होती आणि ते त्यांना बघवलं नाही. "देवीचं दर्शन मी घेतलं," काकू सांगायच्या, "ह्यांनी तिथल्या स्टँडवरच्या फळ्याचं घेतलं."

आता ते मुलाकडं पुण्यात आठव्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट पुकारतात, असं ऐकून आहे. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आधीची, माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची.

बायको धाराशिवची, नोकरीला पुण्यात. दागिना नको, वरात नको, तिची एकच इच्छा: बर्फ पडताना बघायचा. "पडलेला नको," ती म्हणाली. "पडलेला फ्रीजमधेपण असतो. पडतानाचा पाहिजे." त्यासाठी तिनं नोकरीला लागल्यापासून साठवलं होतं. दोघांची रजा जुळत होती ती नेमकी डिसेंबरात. आणि डिसेंबरात आडवी आली येळवस.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. बाकीच्या महाराष्ट्राला अमावास्या म्हटलं की घराबाहेर पडू नये असं वाटतं. आमच्या भागात त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. तमाम जनता रानात. ज्वारी कमरेएवढी आलेली असते, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, दुपारी बाराला लक्ष्मीची पूजा, रानभर आंबील शिंपडायची आणि मग शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीवर आणि बाजरीच्या उंड्यांवर जो माणूस तुटून पडतो तो संध्याकाळपर्यंत उठत नाही. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा ओढून आणून जेवायला बसवतात. गावात फक्त कुलपं उरतात.

माझ्या आईला बातमी कळली आणि ती बाजाराच्या दिवशी तडक कळंबला आली. कंट्रोलरांच्या ओसरीवर बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"युरोपाला जा न्हायतर चंद्रावर जा," ती मला म्हणाली. "पण येळवशीला बाराच्या टायमाला नवी सून रानात पाहिजे. दहा वर्षं झाली, मी वाटेनं जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायले की ह्या रानात माझ्या सुनेच्या हातची आंबील शिंपायचीय. आता काय सांगू, ती बर्फ बघायला गेलीय म्हणून?"

मी तोंड उघडायच्या आत कंट्रोलर खांबाआडून बोलले, "पोचंल. बाराला रानात."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. ह्या माणसावर तिचा जुना राग होता. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या आवाजाच्या भरात ती अंबाजोगाईच्या गाडीत चढली होती आणि मावशीच्या मुलीच्या लग्नाऐवजी भलत्याच लग्नात जेवून आली होती.

"आन् न्हाय पोचली तर?"

"तर त्या मिनिटापासनं मी मुका. गाडीचीच काय, घड्याळातलीबी वेळ ह्या तोंडातनं निघायची न्हाय. शब्द आहे, बाई."

आतून काकूंचा आवाज आला, "लई उपकार होतील!"

पण कंट्रोलर हसले नाहीत. आईही हसली नाही. तिनं समोरचं पाणी उचलून प्यायलं, म्हणजे करार झाला. बत्तीस वर्षं त्या माणसाजवळ ह्या आवाजाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तो त्यानं माझ्या हनिमूनवर लावला होता. मला आपली उगाच तहान लागली.

खरं तर तोवर आमचं एका एजंटाशी जवळजवळ ठरलं होतं. पुण्याचा पोरगा, जिभेवर साखर. दुसऱ्या दिवशी मी जिन्यावर बसून त्याच्याशी बोलत होतो. कंट्रोलरांनी हात पुढं केला, "आवाज मोठा करा." मी स्पीकर लावला.

"विमान पॅरिसला उतरतं, सर, एकदम स्वस्तात," एजंट म्हणाला.

"पॅरिसात का पॅरिस फाट्यावर?" कंट्रोलरांनी विचारलं.

"म्हणजे?"

आता हे मुंबई-पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं गाव आणि गावाचा फाटा ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. गाडीच्या पाटीवर गावाचं नाव असतं, पण गाडी हमरस्त्यानं जाते आणि गावाला जाणारा रस्ता फुटतो तिथं, फाट्यावर, उतरवून पुढं निघते. पुढचे तीन मैल बोचकं आणि आपण.

"म्हणजे गावात जातंय का लांबच सोडतंय? वेशीपास्नं किती, तेवढं बोला."

एजंटानं बरंच टकटक केलं. मग खाली गेलेल्या आवाजात म्हणाला, "सर... पंच्याऐंशी किलोमीटर."

पुढं बर्फ पडताना बघून माझ्या बायकोचा जो चेहरा झाला, तो त्या दिवशी कंट्रोलरांचा झाला. "फाटा!" ते ओरडले. जिन्याखालची मांजर दोन घरं लांब गेली. "कळंबवरनं लातूर करून औशाच्या वेशीत गेलं की पंच्याऐंशी! आन् त्याला हे पॅरिस म्हणायलेत! औशाला उतरवून कळंब आलं म्हणलं तर पब्लिक काच ठेवील का?"

त्या क्षणी एजंट संपला आणि युरोपाचा ताबा कंट्रोलरांकडं गेला.

माझ्या मोबाइलवर बघायचं आणि त्यांनी गच्चीवर खडूनं उतरवायचं, असं तीन आठवडे चाललं. बायको पुण्याहून व्हिडिओवर असायची. पहिल्या दिवशी ती हसून हसून फोनच्या चौकटीतून खाली गेली. चौथ्या दिवशी वही घेऊन बसली.

गावं कंट्रोलरांनी स्वतः निवडली. ॲमस्टरडॅम गेलं: "मार्गात न्हाय. एका गावासाठी गाडी वळवली की पुढची पाच गावं बोंबलतात." व्हेनिसचे फोटो त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि खडूनं फुली मारली. "गावात पाणी शिरलंय. फेरी बंद." लंडन वेगळ्या व्हिसाचं निघालं. "दुसरा विभाग. आपला पास चालायचा न्हाय." राहिली पॅरिस, झुरिक, व्हिएन्ना आणि प्राग. झुरिकहून व्हिएन्नाला रात्रभर चालणारी रेल्वे आहे असं कळलं, तेव्हा त्यांना भरून आलं. "रातराणी! सूनबाई, युरोपात रातराणी हाय! अगं, चहा टाक!" जणू परमुलखात घरचं माणूस भेटलं.

प्रागचं कारण वेगळं होतं. तिथं चौकात शेकडो वर्षांचं घड्याळ आहे आणि दर तासाला त्याच्या खिडकीतून बारा पुतळे फिरून जातात, हे बायकोनं त्यांना दाखवलं. त्यांनी पुतळे बोटांवर मोजले.

"वेळ सांगायला बारा माणसं ठेवलीत," ते म्हणाले. मग खिशात हात घालून, जरा ताठ होऊन, "इथं एकट्यानं केलं."

जागेवरून मात्र वाद झाला.

"काका, तिकडं रुमाल टाकावा लागत नाही," बायको सांगत होती. "खिडक्याच उघडत नाहीत गाड्यांच्या."

"मग जागा धरायची कशी?"

"रिझर्वेशन असतं ना."

"रिझर्वेशन आपल्याकडंबी असतंय, सूनबाई. रुमाल त्याच्या वर असतोय."

शेवटी माझ्या बॅगेत सहा रुमाल गेले. सांगायला लाज वाटते, पण पॅरिसच्या स्टेशनवर मी एक टाकला. जागा मिळाली. शेजारची गोरी बाई उठून उभीच राहिली. तिला वाटलं, काही धार्मिक आहे.

वेळापत्रक तयार झालं ते फुलस्केपच्या अकरा पानांवर. सुटण्याचे ठिकाण, मार्गे, पोच, आणि शेवटी शेरा. 'पॅरिस: लोखंडी मनोरा. थांबा पन्नास मिनिटे. वर वारा असतो, सूनबाईंनी कान बांधावेत.' 'झुरिक: चहापाणी. महाग आहे, एकात दोघांनी घ्यावा.' 'प्राग: घड्याळ बघावे. त्यावर आपले घड्याळ लावू नये.' बायकोनं त्याचं इंग्रजी केलं आणि व्हिसाच्या कागदांना जोडलं. खिडकीतल्या बाईनं अकराही पानं वाचली, मग आत जाऊन कुणाला तरी बोलावून आणलं, त्यानंही वाचली. "हे कुणी केलं?" म्हणाली. मी म्हणालो, "आमचे घरमालक." तिनं व्हिसा दिला, पण माझ्याकडं पाहिलं ते असं, की त्यांनाच द्यायला हवा होता.

परतीचा शेवटचा रकाना त्यांनी लाल पेनानं लिहिला होता. प्रागहून विमान, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबई. रात्रीची रेल्वे, येळवशीच्या पहाटे धाराशिव. सहा चाळीसची कळंब गाडी, आमच्या रानाजवळच्या फाट्यावर आठला. पूजा बाराला. 'राखीव: चार तास.' त्याखाली दोन रेघा.

आणि वेळापत्रक चाललं हो! मिनिटाला मिनिट. विमान फाट्यावर नाही, गावाजवळ उतरलं. रातराणी मिळाली. जे नाही मिळालं ते एकच. पॅरिसमधे पाऊस, झुरिकला धुकं, आणि व्हिएन्नात तर असं लख्ख ऊन, की आमच्या ज्वारीला पडावं. कंट्रोलरांचा रोज फोन. "लागला का?" म्हणजे बर्फ. गाडी फलाटाला लागते तसा. "नाही काका," बायको सांगायची, आणि पलीकडून श्वास यायचा. "येईल. मार्गात असंल."

शेवटच्या सकाळी प्रागमधे आम्ही बॅगा ओढत विमानतळाच्या बसला निघालो होतो. बायको मधेच थांबली. तिनं वर पाहिलं, हातमोजा काढला, तळहात पुढं केला. एक पडला. मग दुसरा. मग मोजायचं राहून गेलं. मी घड्याळ बघत होतो, बस समोर उभी होती. ती रडत होती का हसत होती, ते मला कळलं नाही. ती बस सोडली. पुढची पकडली. विमान मिळालं.

येळवशीच्या पहाटे धाराशिवला उतरलो तेव्हा रिक्षा नव्हती. चालत निघालो. दुकानं बंद, टपऱ्या बंद. बायकोच्या अंगात फुगीर जाकीट, माझ्या हातात दोन बॅगा, चाकांचा खडखडाट साऱ्या शहरात घुमत होता. स्टँडवर कुणी नाही. मी फोन लावला. कंट्रोलर दिवस उगवायच्या आतच सायकल मारत आमच्या रानात जाऊन बसले होते.

"पोचलाव का? सहा चौतीस झालेत. फलाट चारला—"

"काका, फलाट चारला कुत्रं लागलंय."

"गाडी?"

"गाडी नाही. फळ्यावर लिहिलंय: येळवशीला पहाटेची कळंब फेरी बंद असते. बसायला माणूसच नसतो म्हणे."

पलीकडनं एवढासा आवाज आला. त्या घशातून एवढासा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. "खरं असंल. बत्तीस वर्षांत एकच रजा घेतली मी दरसाली. येळवशीची. त्या दिवशीचा स्टँड मी कधी बघितलाच न्हाय."

युरोपातल्या चार देशांच्या गाड्या ज्यानं मिनिटावर जुळवल्या, तो माणूस आपल्याच जिल्ह्यातल्या एका दिवसाला चुकला होता. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. बायकोच्या माहेरची माणसं घराला कुलूप लावून आदल्या रात्रीच रानात गेलेली, वडिलांचा फोन घरी कपाटात, मित्रांचे झाडांना टांगलेले, कुणी उचलेना.

"हलू नका," कंट्रोलर एकदम म्हणाले. "पर्यायी व्यवस्था करतो."

इथून पुढं मी सांगतो त्यातलं निम्मं शंभर टक्के खरं आहे.

साडेसातला एक निवृत्त ड्रायव्हर पोराचा पिकअप घेऊन आला. मागं त्याचं घरदार, पुढं आम्ही, मांडीवर आंबिलीचं मडकं. "हिंदकळू देऊ नका, पूजेची हाय." आंबील हिंदकळू नये म्हणून गाडी अशा वेगानं, की एक म्हैस आम्हाला ओलांडून पुढं गेली. वर जुन्या सवयीनं तो प्रत्येक थांब्यावर थांबायचा, मागं बघायचा आणि निघायचा. येडशीला त्याचं रान आलं. त्याचा मार्ग संपला. तिथं निवृत्त कंडक्टर ट्रॅक्टर घेऊन उभा. ट्रॉलीत बावीस बाया. बायकोला त्यांनी मधे घेतलं, जाकीट चाचपलं, "आतमधे काय भरलंय गं?" विचारलं. "पिसं," ती म्हणाली. "अगं बया! कोंबडीची?" पुढचे पाच मैल युरोप राहिला बाजूला, कोंबड्यांवरच बोलणं चाललं.

येरमाळ्याच्या अलीकडं कंडक्टरनं ट्रॅक्टर बंद केला. अकरा पन्नास.

"काका, अजून थोडंच राहिलंय हो," मी हात जोडले.

"बाराची पूजा सोडून मी ट्रॅक्टर हाकू? आन् येळवशीला दारात आलेला माणूस उपाशी सोडू? कंट्रोलरचा हुकूम एकीकडं, लक्ष्मी एकीकडं. बसा."

मी रानात पळत जाऊन फोन लावला. "काका, बाराला नाही जमत."

"अकरा अठ्ठावन्न," ते म्हणाले. शांतपणे. "सूनबाई बऱ्या हायत न्हवं?" आणि मग, जरा थांबून, "अकरा एकोणसाठ."

त्यानंतर फक्त ज्वारीची सळसळ ऐकू आली. मी हॅलो हॅलो करत राहिलो. शेवटी आईचा आवाज. "अरं, हे मुके झालेत. फोन माझ्या हातात दिला आन् बांधावर जाऊन बसले. कुठं हायस तू?"

तिथं जेवलो. पुढं एका मेकॅनिकच्या मोटरसायकलवर तिघं आणि दोन बॅगा. त्याच्या रानात जेवलो. पुढं बैलगाडी, बैलगाडीवाल्याकडं जेवलो. भज्जी प्रत्येक रानात वेगळी आणि 'एवढं तर घ्याच' प्रत्येक रानात तेच. तिसऱ्या जेवणानंतर बायको माझ्या कानात म्हणाली, "मी आता बसनं नाही, घरंगळत येते."

आमच्या रानात पोचलो तेव्हा दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. माझ्या घड्याळात पाहिलं. सांगणारा गप्प होता. आसपासच्या रानांतली माणसं जेवून झाडांखाली आडवी झाली होती. आमच्या कोपीपुढं मात्र पाट मांडलेला, दिवा तेवत ठेवलेला, आणि वडील भुकेनं लाल. आईनं पूजा धरून ठेवली होती.

तिनं सुनेला जाकीट काढायला लावलं, डोक्यावर पदर म्हणून स्वतःची शाल टाकली आणि आंबिलीचं भांडं तिच्या हातात दिलं. बायको ज्वारीत शिरली. आई तिच्या मागं, रस्त्याकडं बघत, कुणीतरी बाई वाटेनं जावी ह्या आशेनं. एकही बाई गेली नाही. तरी आईचा चेहरा असा, की सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं.

कंट्रोलर बांधावरून उठले, सायकलीकडं निघाले.

"कुठं चाललाव?" आई ओरडली.

त्यांनी हातानंच कळंबची दिशा दाखवली.

"वाढलंय. बसा."

ते बसले. आईनं पत्रावळीवर उंडे ठेवले, भज्जी वाढली, आंबिलीचा पेला भरला. त्यांनी हात जोडले, घास उचलला.

"थांबा. मुक्यानं जेवणाराला आमच्या रानात वाढत न्हाईत. बोला."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. शब्द दिला होता.

"शब्द कुणाला दिलता? मला न्हवं? मग मी माघारी दिला. दोन घंटे गप बसलाव तर रान खायला उठलंय. बोला आता, आंबील तापायली."

कंट्रोलरांनी घसा साफ केला. आम्ही सगळे वेळ ऐकायला तयार झालो. वडिलांनी तर मनगट वर करून घड्याळाची चावी ओढून धरली. पण ते बायकोकडं वळले.

"सूनबाई, बर्फ लागला म्हणं?"

"हो काका. शेवटच्या दिवशी."

"पडताना आवाज केवढा होतोय?"

"अजिबात नाही होत."

"आधी गडगडतंय? वारा सुटतोय?"

"काहीच नाही. आपण चाललेलो असतो. सहज वर बघितलं, तर पडत असतो."

कंट्रोलरांनी पेला ओठांपाशी नेला आणि तसाच धरला. समोर ज्वारी, पलीकडं रिकामा रस्ता.

"बरोबर न्हाय ते," शेवटी म्हणाले. "एवढ्या लांबनं येतंय. कुणीतरी पुकारायला पाहिजे."